डाव्या डोळ्याचा आकडा

१

मंगळवारी सकाळी साडेदहाला अंबिका सेलूकर यांनी डार्करूममधलं कपाट उघडलं आणि त्या जागीच थबकल्या. आदल्या संध्याकाळी त्यांनी स्वतःच्या हातानं चार रजिस्टरं ओळीनं उभी करून ठेवली होती. आता तीनच उरली होती. दुसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये बोटभर फट होती. गेलं होतं ते बिडकीनच्या शिबिराचं रजिस्टर.

पैठण रस्त्यावरच्या दृक्प्रभा ऑप्टोमेट्री महाविद्यालयात अंबिका मॅडम बावीस वर्षं शिकवत होत्या. माणूस फाटकातून आत येईपर्यंत त्याच्या चष्म्याचा नंबर त्यांना कळतो, अशी त्यांची ख्याती होती. मॅडमनी ती कधी खोडून काढली नव्हती, कारण ती बऱ्यापैकी खरी होती.

कॉलेजात विद्यार्थ्यांची मंडळं पुष्कळ. नाट्य मंडळ, गिर्यारोहण मंडळ, प्रश्नमंजूषावाले. पण मान होता तो नेत्रदूत मंडळाचा. ही मुलं रविवारी गावोगाव जाऊन लोकांचे डोळे तपासत. परवाच्या रविवारी बिडकीनला एकशे शहाऐंशी माणसं तपासून झाली होती. प्रत्येकाचं नाव, फोन, चष्म्याचा नंबर आणि डोळ्यातला दाब त्या एका रजिस्टरात होता. चार जणांचा दाब जास्त निघाला होता. काचबिंदूचा संशय. हा आजार दुखत नाही, खुपत नाही, नजर कडेकडेनं कुरतडत आत येतो आणि गेलेली नजर काही केल्या परत येत नाही. त्या चौघांना गुरुवारी बोलवायचं ठरलं होतं. त्यांची नावं मात्र कुणालाच तोंडपाठ नव्हती.

कपाटाला ओरखडासुद्धा नव्हता. चोरानं किल्ली वापरली होती.

मॅडमनी दिव्याचं बटण दाबलं. ट्यूब लागली नाही. तेव्हा त्यांना आठवलं, ट्यूब कालपासून गेलीये आणि वायरमन दुपारी येणार आहे. उजेड होता तो दारातून तिरपा येणारा, संध्याकाळच्या देवघरात असतो तेवढा. चारही रजिस्टरं एकाच काळ्या रेक्झिनची. कण्यावर चिकटवलेल्या पट्ट्यांवर मुंगीएवढ्या अक्षरांत गावांची नावं.

चोर अंधुक उजेडात आला होता, आणि तरी त्यानं नेमकं हवं तेच उचललं होतं.

२

डार्करूमची आणि कपाटाची किल्ली एकाच कड्यात असायची, कार्यालयात, अनंतरावांच्या टेबलामागच्या खिळ्यावर. अनंतराव जुने लिपिक. किल्ली नेणाऱ्याची वेळ, कारण आणि सही वहीत घेतल्याशिवाय ते प्राचार्यांनाही किल्ली देत नसत.

"आज सकाळी तिघांनी नेली," वही समोर धरून त्यांनी वाचून दाखवलं. "नऊ पाचला विश्वजीत औताडे, बॅनर काढायला. नऊ पंचवीसला श्रेया गाडेकर, उरलेली कार्डं ठेवायला. नऊ पन्नासला देवेश वैजापूरकर, नाटकाच्या कपड्यांची पेटी काढायला. काल तुम्ही किल्ली टांगली तेव्हापासून बस, हे तिघं."

"मोबाइलच्या उजेडात शोधलं असेल का हो?"

"मोबाइल कुठला मॅडम? आज अंतर्गत परीक्षा. साडेआठला सगळ्यांचे मोबाइल या पेटीत जमा. किल्ली माझ्याकडं." अनंतरावांनी पत्र्याच्या पेटीवर थाप मारली. "आणि काय ही पोरं! सही करायला येतात तर एकाचा चष्मा डोक्यावर, एकीच्या तोंडात बिस्कीट, एकाच्या अंगावर राजाचा झगा. परीक्षा आहे का जत्रा, कळत नाही."

मॅडम हसल्या आणि झग्यावाल्याला शोधायला निघाल्या.

देवेश सभागृहात तालीम घेत होता. नाट्य मंडळाचा तो प्रमुख. डार्करूम नाट्य मंडळाला गोदाम म्हणून हवी होती आणि नेत्रदूतवाले ती सोडत नव्हते, म्हणून दोन महिने भांडण पेटलेलं.

"मागच्या आठवड्यात तू काय म्हणालास?" मॅडमनी विचारलं. "तुमची रजिस्टरं रस्त्यावर फेकीन, असंच ना?"

देवेशचा चेहरा पडला. "म्हणालो मॅडम. रागात म्हणालो. पण म्हणून खाली-पिली माझं नाव? मी पेटी ओढली, बाहेर आलो. कपाटाला हातही लावला नाही."

"तुझ्यावर नाही माझा संशय."

"का?" तो जरा दुखावल्यासारखाच झाला.

"तू फेकली असतीस तर चारही फेकली असतीस. हे राग आल्याचं काम नाही बाळा. हे भीती वाटल्याचं काम आहे. बिडकीनच्या रजिस्टरात असं काहीतरी आहे, जे मी आज दुपारी बघणार होते आणि कुणालातरी ते मला दिसू द्यायचं नव्हतं."

आणि आपण आज एकेक आकडा तपासणार, हे मॅडमनी काल फक्त दोघांना सांगितलं होतं.

३

त्यातला पहिला विश्वजीत औताडे, नेत्रदूत मंडळाचा अध्यक्ष. चितेगावच्या शेतकरी घरातला, घरातला पहिलाच पदवीला पोचलेला. वर्गात पहिला, बोलण्यात नम्र. उद्याच्या मंडळांच्या मेळाव्यात उत्कृष्ट मंडळाची ढाल त्याच्याच हाती पडणार, हे सगळ्यांनी धरूनच ठेवलेलं. तो मॅडमसमोर उभा राहिला तेव्हा त्याच्या उणे तीनच्या चष्म्याआड बाहुल्या वाटाण्याएवढ्या झालेल्या होत्या.

"थेंब घातलेत?" मॅडमनी विचारलं.

"हो मॅडम. परीक्षेत आज मी रुग्ण होतो. सव्वाआठलाच घातले. उजेड सहन होत नाही आणि जवळचं काहीच दिसत नाही." तो ओशाळं हसला. "नऊला बॅनर आणायला गेलो, तर तो पण हातानं चाचपडून काढला. पट्टीवरची अक्षरं मला कुठून वाचता येणार?"

बिनतोड होतं. हे थेंब पडले की डोळ्यातल्या भिंगाची जवळ बघण्याची ताकद काही तास गळून पडते. पुस्तक पांढऱ्या कागदासारखं दिसतं. कॉलेजातला शिपाईदेखील हे जाणून होता.

"शिबिरात दुपारी तू कुठं होतास?"

"नोंदणीच्या रांगेत. दाबाच्या टेबलावर श्रेया होती. यादीत लिहिलंय तसं."

दुसरी श्रेया. मंडळाची सचिव, बिडकीनचीच मुलगी. हे शिबिर तिनंच मागे लागून आपल्या गावाला नेलं होतं. पट्ट्यांवरचं मुंगीएवढं अक्षर तिचंच.

"मॅडम, मी कशाला चोरू? त्यात माझ्या चुलत्याचं नाव आहे, माझ्या शाळेतल्या बाईंचं नाव आहे!"

"दुपारी दाबाच्या टेबलावर तू होतीस?"

"नाय मॅडम." घाबरली की तिच्या तोंडी गावची बोली यायची. "यादीत माझं नाव व्हतं. पण जेवणानंतर विश्वजीत म्हणला, गर्दी लई झाली, तू चष्म्याच्या टेबलावर जा, इथं मी बसतो."

"कुणी पाहिलं?"

श्रेया ओढणीनं डोळे पुसू लागली. सगळ्यांच्या तोंडाला मास्क, डोक्याला टोपी, अंगात पांढरा कोट. कोण कुठं होतं हे शपथेवर सांगणारं कुणी नव्हतं.

दोघांपैकी एक जण खोटं बोलत होता. ज्याच्यावर संशय घ्यावा त्याला वाचताच येत नव्हतं, आणि जिला वाचता येत होतं ती रडत होती.

४

दुपारी बारा वाजता कॉलेजच्या दवाखान्यात बिडकीनहून एक पन्नाशीचे गृहस्थ आले. डोक्याला टापशी, हातात नवा चष्मा.

"म्या सांडू. परवा तुमच्या पोरांनी हा चष्मा देला. दिसतंय झ्याक, पर कानामागं लई रुततोय. जरा ढिला करून द्या बाई."

मॅडमनी चष्म्याची काडी गरम करून वाकवली आणि तो सांडूभाऊंच्या नाकावर नीट बसतो का ते पाहायला पुढं वाकल्या. त्याच क्षणी त्यांचा हात हवेत राहिला. उजवा डोळा त्यांच्याकडं बघत होता. डावा बघत नव्हता. फार सुबक होता, रंगही हुबेहूब होता, पण तो बघत नव्हता.

"हा डोळा कधी बसवला?"

"लई वर्सं झाली. धाकला असताना विटी लागली. हा नकली हाय. लोकायला कळत नाय, तुम्हाला कसं कळलं?"

"परवा तपासताना कुणाला कळलं नाही?"

"कुणी वर बघिटलंच नाय. नंबर काढणाऱ्या पोरानं इचारलं व्हतं, तवा म्या सांगितलं. पर त्या आखरीच्या टेबलावर, जिथं ते दाब का काय म्हणत्यात, तिथलं माणूस मान खाली घालून लिवत व्हतं. चिठ्ठी हातात देली अन् हातानंच पुढं जा म्हणलं. पोरगा का पोरगी, मास्कात कळलं नाय."

मॅडमनी चिठ्ठी मागितली. सांडूभाऊंनी खिशातून घडी काढून दिली. त्यावर स्वच्छ इंग्रजी आकड्यांत लिहिलेलं होतं: उजव्या डोळ्याचा दाब पंधरा, डाव्या डोळ्याचा दाब सोळा.

नकली डोळ्याला दाब नसतो.

मॅडम तडक उपकरणांच्या खोलीत गेल्या. दाब मोजायचं यंत्र मुठीत मावणारं असतं, आणि दर माणसाला त्याचं सुईसारखं बारीक टोक नवं घालावं लागतं. शिबिराला टोकांचा दोनशेचा नवा डबा नेलेला होता. मॅडमनी उरलेली टोकं मोजली. ब्याण्णव. म्हणजे एकशे आठ माणसांनंतर यंत्र कुणाच्या डोळ्याला लागलंच नव्हतं. त्यांनी यंत्राचं बटण दाबलं. पडद्यावर बिघाडाची खूण लुकलुकली, आणि खालच्या कडेला प्लॅस्टिकची बारीक चीर दिसली.

अठ्ठ्याहत्तर माणसांचे आकडे कुणीतरी मनानं लिहिले होते.

आता नेमके कुणी, एवढंच राहिलं होतं; नुसत्या आकड्यांवरून अक्षर ओळखता येत नव्हतं. आणि बाहेरून निरोप आला: प्राचार्यांनी श्रेयाला बोलावून घेतलंय.

५

प्राचार्यांच्या खोलीत श्रेया मान खाली घालून उभी होती. विश्वजीत कडेला, हात मागे बांधून.

"मॅडम, प्रकरण साफ आहे," प्राचार्य म्हणाले. "यादीत दाबाच्या टेबलावर हिचं नाव. किल्ली हिनं नेली. वाचता येत होतं ते हिला. विश्वजीतच्या डोळ्यांत थेंब होते, परीक्षकांनी स्वतः सांगितलंय. मी हिला निलंबित करतोय."

"सर, श्रेयाचंच असेल बहुतेक," विश्वजीत हळू आवाजात म्हणाला. "पण तिला माफ करा. गर्दी फार होती त्या दिवशी."

श्रेयानं मान वर केली. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. सख्ख्या माणसानं ओळख दाखवू नये तसं.

बावीस वर्षांत त्यांनी खूप मुलं पाहिली होती. खोटं बोलणारी, कॉपी करणारी, घाबरून रडणारी. रडणाऱ्या मुलांचा त्यांना कधी त्रास झाला नव्हता; आज झाला तो विश्वजीतच्या त्या हळू आवाजाचा.

"सर, मला एक तास द्या," त्या म्हणाल्या.

"एका तासात काय बदलणार आहे?"

"काही नाही. सकाळी मी एक गोष्ट ऐकली होती. ती आता बघायची आहे."

त्या कार्यालयात गेल्या. "अनंतराव, किल्लीची वही द्या. सकाळी तुम्ही वाचून दाखवलीत, मी ऐकून घेतली. माझीच चूक."

वही उघडून त्यांनी आजच्या पानावर बोट ठेवलं. रकाने चिंचोळे. नऊ पाचची नोंद: 'बॅनर नेण्यासाठी, नेत्रदूत मंडळ.' खाली सही. अक्षर मोत्यासारखं, रेघेवर बसलेलं, रकान्याच्या बाहेर एक वेलांटी गेलेली नाही.

"हे विश्वजीतनं स्वतः लिहिलं?"

"स्वतः. माझ्यासमोर. असा वाकून, वहीला नाक लावून."

"तुम्ही म्हणालात एकाचा चष्मा डोक्यावर होता. देवेश चष्मा लावत नाही. श्रेयाही लावत नाही."

"मग राहिलं कोण? विश्वजीतच की!"

मॅडमनी वही काखेत मारली. त्यांचं पाऊल आता असं पडत होतं की जिन्यात समोरून येणारी मुलं आपोआप भिंतीला लागली.

६

डार्करूममध्ये वायरमननं नवी ट्यूब लावली होती. मॅडमनी ती मुद्दाम बंद ठेवली. दार अर्धं उघडं, सकाळी होता तेवढाच उजेड. प्राचार्य, श्रेया आणि अनंतराव कडेला उभे. कपाटासमोर विश्वजीत.

"बाहुल्या अजून मोठ्या आहेत तुझ्या. या पट्टीवर कुठल्या गावाचं नाव आहे?"

विश्वजीतनं चष्म्यातून रजिस्टरकडं पाहिलं. "नाही दिसत मॅडम. नुसतं पुसट."

"खरं बोलतोयस. आता चष्मा काढ."

विश्वजीतचा हात चष्म्याच्या काडीपर्यंत गेला आणि तिथंच थांबला.

"सर," मॅडम प्राचार्यांकडं वळल्या, "थेंबांनी जवळचं दिसत नाही, हे चांगल्या नजरेच्या माणसाला लागू. हा उणे तीनचा. याला लांबचं अंधुक, पण चष्मा काढला की फूटभर अंतरावरचं लख्ख. ते वाचायला डोळ्यातल्या भिंगाला कष्टच पडत नाहीत, मग थेंब पडोत नाहीतर न पडोत. चष्मा लावला तर याची आंधळी कोशिंबीर, काढला तर मुंगीचे पाय मोजेल. दुसऱ्या वर्षात मीच शिकवलंय याला. पेपरात या प्रश्नाला पैकीच्या पैकी गुण होते." त्यांनी वही उघडून पुढं धरली. "आणि थेंब घातल्यावर पाऊण तासानं लिहिलेलं हे अक्षर बघा. चष्मा डोक्यावर चढवून लिहिलंय. याला सकाळीही वाचता येत होतं, लिहिता येत होतं, आणि हवं ते रजिस्टर उचलताही येत होतं."

विश्वजीतनं हात काडीवरून खाली घेतला. चष्मा काढला नाही.

"रजिस्टर कुठंय ते मी सांगू, का तू सांगतोस?"

"बॅनरमध्ये," तो म्हणाला. आवाज ओळखू येत नव्हता. "गुंडाळलंय. सभागृहाच्या मागं."

अनंतराव धावत जाऊन बॅनर घेऊन आले. गुंडाळी उलगडताच काळं रजिस्टर फरशीवर आदळलं. श्रेयानं ते आधी उचललं आणि छातीशी धरलं.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. जेवणानंतर यंत्र साफ करताना विश्वजीतच्या हातून पडलं. बाहेर रांग, गावचे सरपंच खुर्ची टाकून बसलेले, वर्तमानपत्रातला माणूस फोटो काढतोय. शिबिर थांबवलं असतं तर ढाल गेली असती. त्यानं श्रेयाला दुसरीकडं पाठवलं आणि आकडे लिहीत सुटला. चौदा, पंधरा, सोळा, पुन्हा पंधरा. ओळीनं अठ्ठ्याहत्तर. मॅडमच्या नजरेला ते पान एका क्षणात कळलं असतं. म्हणून नवं रजिस्टर लिहून, आकडे जरा इकडंतिकडं करून, दोन दिवसांत कपाटात ठेवायचा त्याचा बेत होता.

"मी कुणाचं वाईट केलं नाही मॅडम. सगळ्यांना नॉर्मलच लिहिलं."

"तेच तर वाईट केलंस," अंबिका मॅडम म्हणाल्या.

७

दुसऱ्या दिवशीचा मेळावा नेत्रदूत मंडळाशिवाय झाला. ढाल नाट्य मंडळाला मिळाली. अध्यक्षपद श्रेयाकडं आलं, आणि प्राचार्यांनी विश्वजीतला एका सत्रासाठी निलंबित केलं. त्याआधी मॅडमनी त्यांच्याकडून एक दिवस मागून घेतला.

गुरुवारी सकाळी दहा वाजता बिडकीनच्या शाळेत टेबल लागलं, उसनं आणलेलं यंत्र आलं. श्रेयानं फोनवर फोन करून दाब जास्त निघालेल्या त्या चौघांना दवाखान्यात पाठवलं होतं आणि ज्यांचे आकडे मनानं लिहिले होते त्या अठ्ठ्याहत्तर जणांना शाळेत बोलावलं होतं. टेबलावर विश्वजीत बसला होता. मास्क नाही, टोपी नाही. मॅडमची अट एकच होती: येणाऱ्या प्रत्येकाला काय झालं ते त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगायचं, आणि मगच तपासायचं.

पहिल्या माणसाला सांगताना तो तीनदा अडखळला. विसाव्यापर्यंत आवाज सरळ झाला. काही जण चिडले, एकानं शिवी दिली, बऱ्याच जणांनी नुसतं "बरं" म्हटलं. मॅडम मागच्या बाकावर बसून चहा पीत होत्या.

एकेचाळीसाव्या आल्या सरूबाई. साठीच्या, कामावरून तशाच आलेल्या, पदराला माती.

"आजी, त्या दिवशी मी तुमचा डोळा तपासलाच नव्हता. चिठ्ठीवर खोटं लिहिलं. माझं चुकलं."

सरूबाईंनी त्याच्याकडं नीट पाहिलं. "कामून रं?"

"यंत्र पडलं होतं माझ्या हातून. सांगायची लाज वाटली."

"आन् आता?"

"आता तपासतो."

त्यानं नवं टोक बसवलं, यंत्र कपाळाला टेकवलं. बारीक टकटक झाली. पडद्याकडं पाहून तो थांबला. पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा मोजलं. मागच्या बाकावर मॅडमनी कप खाली ठेवला आणि त्या उठून आल्या.

"किती?"

"उजवा अडतीस, मॅडम." सरूबाईंनी आणलेली रविवारची चिठ्ठी त्यानं उलगडून धरली. तिच्यावर त्याच्याच अक्षरात चौदा होतं.

श्रेया फोनवर बोलता बोलता थांबली.

"ही उजवी बाजू मला जरा धूसरच दिसती, महिना झाला," सरूबाई म्हणाल्या. "म्हणलं वयानं आसंल. चिठ्ठीत बी समदं ठीक हाय म्हणले व्हते, म्हून गप बसले." मग त्यांनी मॅडमना विचारलं, "जाईल का वो डोळा?"

"गेलाय तेवढा येणार नाही," अंबिका मॅडमनी त्यांचा हात हातात घेतला. "पण आहे तेवढा आपण जाऊ देणार नाही. औषध आज दुपारपासूनच सुरू. गाडी बाहेर उभी आहे."

सरूबाई उठल्या. विश्वजीत अजून चिठ्ठीकडंच बघत बसला होता. त्यांनी त्याच्या खांद्यावर मातीचा हात ठेवला.

"रडू नगस. मागं लोकं खोळंबलीत. आधी मव्हा आकडा नीट लिव्ह."

त्यानं बाहीनं डोळे पुसले, रजिस्टर पुढं ओढलं आणि चौदावर एक रेघ मारून बाजूला अडतीस लिहिलं. खाली पूर्ण नावानं सही केली. मग त्यानं यंत्रात नवं टोक घातलं आणि बेचाळीसाव्या माणसाला आत बोलावलं.